कोणत्या हाताने कप घेतला

श्री. मनोहरराव देवघरे यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती एका चपलेमुळे. गौरवग्रंथातला लेख चपलेपासून सुरू करणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण देवघरेकाका स्वतःच माणसाचे पाय आधी बघतात आणि चेहरा मागाहून, त्याला मी तरी काय करणार?

मी तेव्हा कॉलेजात होते. आमचं घर नागपूरच्या कडेला वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागच्या गल्लीत. वडील एका बुकिंग ऑफिसात नोकरीला होते आणि मुलीने नाटकात काम करावं हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. आईने मध्ये पडून कशीबशी परवानगी मिळवून दिली होती. नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या हौशी मंडळाची तालीम चालायची. पहिल्या दिवशी जरा बरी दिसावी म्हणून मी मोठ्या बहिणीची नवीकोरी चप्पल घालून गेले. दोन पानं वाचून दाखवली, चालून दाखवलं, सगळे ठीक म्हणाले. विंगेत स्टुलावर एक उंच, सडपातळ गृहस्थ मांडीवर संहिता ठेवून गप्प बसले होते. सगळं आटोपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "चप्पल तुझी नाही न वं? उजवीकडची चावून राहिली तुले. वळताना वाक्य तुटते ते त्याच्यानं. उद्या आपली जुनीच घालून ये."

मी हबकलेच. बहिणीला न विचारता चप्पल आणल्याचं आता सगळ्या महालात जाहीर होणार असं मला वाटलं. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी माझी झिजलेली चप्पल घालून गेले, वाक्य तुटलं नाही, आणि काकांनी विंगेतून नुसती मान हलवली. तेव्हापासून आजपर्यंत मी त्यांची शिष्या आहे, असं मी म्हणते. ते म्हणतात, "मी कधी शिकवलं हिले?"

ज्यांनी काकांना रंगमंचामागे पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. काका नोकरीने आरेखक. सरकारी कचेरीत पुलांचे आणि इमारतींचे नकाशे काढण्यात त्यांचा दिवस जायचा आणि संध्याकाळी ते आमच्या मंडळाचे प्रॉम्प्टर असायचे. नट वाक्य विसरला की विंगेतून हळूच पहिला शब्द पुरवायचा, हे प्रॉम्प्टरचं काम. बहुतेक प्रॉम्प्टर पुस्तकात डोकं घालून बसतात. काका पुस्तक उघडं ठेवत, पण बघत नटाकडे. त्यांचं म्हणणं असं की, नट मुद्दाम थांबला असेल तर त्याचे पाय सैल असतात, आणि विसरला असेल तर पायाचा अंगठा आवळतो. अंगठा आवळला की काका शब्द टाकत. एकदा एका नटाने तक्रार केली की, मी विसरलोच नव्हतो तर तुम्ही शब्द दिलात कशाला. काका शांतपणे म्हणाले, "विसरणार होता तू." आणि ते खरं होतं.

आणि मग चहा. आमच्या मंडळात तालमीआधीचा चहा काका स्वतः ओतत आणि प्रत्येकाच्या हातात स्वतः देत. कोणी मदतीला गेलं तर, "तू बस गा, मी देतो," म्हणून परत पाठवत. काकांना सेवेची हौस आहे असंच आम्ही समजत होतो. पुष्कळ उशिरा लक्षात आलं की ती हजेरी होती. कप घेताना कोणाचा हात गरम लागला की त्याला ताप आहे हे काकांना समजायचं. कोणी कप घेऊन भिंतीकडे तोंड केलं तर घरी भांडण झालेलं असायचं. एकदा मी एका घोटात चहा संपवला तर म्हणाले, "सकाळपासून काही खाल्लं नाही तू. समोर तर्री-पोहे खाऊन ये, तवरक दुसऱ्यांचं चालू करतो."

माझ्या पहिल्या वर्षी तालमीत तिसरा अंक नेहमी पहिल्यांदा बसवला जाई. सगळे कुरकुर करत, शेवट आधी आणि सुरुवात मागाहून, हे काय नवीन. काका म्हणत, शेवटचा अंक कच्चा आहे. पुढे कधीतरी कुसुमकाकूंकडून, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींकडून, मला खरं कारण कळलं. वाडीची सिटी बस चुकेल म्हणून मी सारखी दाराकडे बघते, हे त्यांनी टिपलं होतं, आणि माझे सगळे प्रवेश तिसऱ्या अंकात होते. माझ्या वडिलांनी मला नाटक सोडायला लावलं नाही, याचं मोठं कारण मी वेळेवर घरी पोचत होते, हे आहे. काकांनी ते मला आजपर्यंत स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं नाही. आता छापून आल्यावर रागावतील, रागावू देत.

या ग्रंथाच्या संपादकांनी मला विषय दिला होता, 'देवघरे यांची सूक्ष्म निरीक्षणशक्ती'. संपादक माझे स्नेही आहेत, म्हणून सौम्य शब्दांत सांगते की, हा विषय वाचून मला सरकारी अहवाल वाचल्यासारखं वाटलं. काकांसाठी नेमका शब्द शोधण्यात माझा बराच वेळ गेला. चौकस म्हणावं, तर चौकस माणूस प्रश्न विचारून विचारून जीव खातो, आणि काका फार तर एखादा प्रश्न विचारतात. चिकित्सक म्हटलं की समोरच्याची सालं काढणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. चाणाक्ष माणसाला त्यातून काहीतरी मिळवायचं असतं. घारीची नजर म्हणतात, पण घार कशासाठी बघते हे आपल्याला ठाऊक आहे. बारीक नजर आमच्याकडे सासवांची असते. मंडळातले काही जण पाठीमागे त्यांना खुसपटकाढू म्हणत, आणि ज्यांचं खुसपट निघालेलं असे तेच म्हणत. मी शेवटी कुसुमकाकूंना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "यायची नजर-बिजर काही नाही वं. घरी तर भाजीत मीठ नसलं तरी समजत नाही. पोरीच्या लग्नात दोन पायात दोन मोजे घालून उभे होते. पण माणूस समोर आला का यायचं लक्ष राह्यते त्याच्यावर."

यापेक्षा मोठा शब्द मला सापडला नाही. हे लक्ष म्हणजे काय, ते ज्या प्रसंगाने आम्हाला कळलं तो आता सांगते. त्या प्रसंगाचे नायक श्री. श्रीधर ठोंबरे, आम्हा सर्वांचे शिरूभाऊ, आज सुदैवाने आपल्यात आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे.

शिरूभाऊ आमच्या मंडळाचे दिग्दर्शक आणि मुख्य नट. काकांचे बालमित्र, शाळेत दोन वर्षं पुढे. एकमेकांना शिरू आणि मन्या म्हणणारे. पुढे काही वर्षांनी स्पर्धेसाठी आम्ही एका निवृत्त स्टेशनमास्तरचं नाटक बसवत होतो. मास्तर खूप थकलेले, डावा हात सारखा थरथरणारा, शब्द शोधत बोलणारे. ती भूमिका शिरूभाऊंची, आणि मी त्यांची मुलगी. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मास्तर आपला जुना कंदील उजव्या हाताने उचलून एक लांब वाक्य म्हणतात, त्यावर सगळं नाटक उभं होतं. शिरूभाऊ तेव्हा पन्नाशीच्या थोडे पुढे, तब्येतीने ठणठणीत.

स्पर्धा जवळ आली आणि शिरूभाऊंचं काम एकाएकी विलक्षण रंगायला लागलं. शब्द ओठांवर अडखळत, जड होऊन येत. पाऊल जरासं घासत पडे. कंदील उचलताना हात असा काही जड होई की विंगेत उभ्या असलेल्या आमच्या डोळ्यांत पाणी यायचं. "भाऊ काय म्हातारा उतरवून राहिले," असं जो तो म्हणत होता. जुने नाटकवाले मुद्दाम तालीम बघायला येऊ लागले. शिरूभाऊ स्वतः खुशीत होते. म्हणायचे, रोल अंगात भिनून राहिला.

काका तेवढे खुशीत नव्हते. काही दिवस ते नुसते बघत होते. मग एका संध्याकाळी चहा देताना त्यांनी विचारलं, "शिरू, कप डाव्या हातानं काहून घेतला?"

"अरे, रोल आहे न," शिरूभाऊ हसून म्हणाले.

"रोलमधी डावा हात थरथरते. तू डाव्यानं कप धरून राहिला आणि तो तर अजिबात हलत नाही. उजव्याले काय झालं?"

शिरूभाऊंचा चेहरा बदलला. "तू पुस्तक सांभाळ, मन्या," ते म्हणाले, "अभिनय मी पाहतो." काकांनी रिकामे कप गोळा केले आणि आत निघून गेले.

त्यांनी मग आमच्या सचिवांना सांगितलं, मला सांगितलं. भाऊंना काहीतरी होतं आहे, दवाखान्यात न्यायला पाहिजे. आम्ही म्हटलं, काका, तुम्ही उगाच काळजी करता, त्यांचं काम बघा ना किती छान होतंय. ते शिरूभाऊंच्या घरी गेले. वहिनी म्हणाल्या, घरीसुद्धा तसेच बोलतात, जेवतानाही तालीम चालू असते यांची. नाटकवाल्यांच्या घरी असंच चालतं. शर्टाची गुंडी लावता येईना, तर ती माउली कौतुकाने गुंडी लावून देत होती. माणसाच्या आजाराला सगळं गाव टाळ्या वाजवत होतं, आणि त्यात मीही होते.

रंगीत तालमीचा दिवस आला. पूर्ण प्रकाशयोजना, कपडे, रंगभूषा, समोर खुर्च्यांवर मंडळाची सगळी माणसं आणि त्यांचे पाहुणे. दुसऱ्या अंकाचा शेवट आला. शिरूभाऊंनी कंदील उचलला, अर्धाच वर आला, आणि वाक्याच्या मध्यावर ते थांबले. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलेली. इतका सुंदर विराम मी आयुष्यात पाहिला नव्हता. समोरचे श्वास धरून बसले होते. विंगेतून शब्द आला नाही, तेव्हा मी समजले की हे ठरवूनच थांबलेत.

मग विंगेत पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

काका रंगमंचावर आले. इतक्या वर्षांत, चालू नाटकात सोडाच, बक्षीस घ्यायलासुद्धा हा माणूस कधी उजेडात आला नव्हता. ऑफिसचा शर्ट, पायात चप्पल, आणि त्या पिवळ्या प्रकाशातून ते सरळ चालत आले. समोरून कोणीतरी ओरडलं, "काका, आत जा." त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. शिरूभाऊंच्या हातातून कंदील काढून त्यांनी माझ्याकडे दिला.

"शिरू, हा विराम नाही," ते म्हणाले. "दोन्ही हात समोर धर."

शिरूभाऊंनी हात पुढे केले. ज्या डाव्या हाताने गेला महिनाभर थरथरून आम्हाला रडवलं होतं, तो सरळ राहिला. उजवा मात्र आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली उतरत गेला. शिरूभाऊ त्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसे बघत राहिले.

"मन्या, मले वाक्य येते," ते जड जिभेने म्हणाले.

"येते तुले. मले माहीत आहे. चल."

रंगभूषेसकट आम्ही त्यांना ऑटोत घातलं आणि धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेलं. पांढरे केस आणि सुरकुत्या बघून डॉक्टर वयाचा अंदाज बांधू लागले, तेव्हा काका म्हणाले, "ते पावडर आहे डॉक्टरसाहेब, आतला माणूस जवान आहे." डॉक्टरांनी विचारलं, अलीकडे डोक्याला मार लागला होता का? सोबत आलेल्या वहिनी नाही म्हणाल्या, शिरूभाऊंनीही नकारार्थी मान हलवली. काका म्हणाले, "लागला होता. इतवारीत, भांड्याच्या दुकानात. कंदील पाहाले गेलो होतो, शटर अर्धं खाली होतं. कपाळ आदळलं आणि हा हसला." आम्ही चार-पाच जण त्या दिवशी बरोबर होतो. आम्ही पण हसलो होतो, आणि दुकानाबाहेर पडताच विसरून गेलो होतो. डोक्याच्या आत डाव्या बाजूला रक्त साचत साचत मेंदूवर दाब आला होता. दुसऱ्या दिवशी ते काढलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आणखी थोडे दिवस गेले असते तर काही खरं नव्हतं. वहिनी काकांच्या पायाशी वाकल्या, तेव्हा काका चक्क मागे सरले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. हा माणूस एकटाच किती दिवस ही भीती वागवत फिरत होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आणि मला रडू आवरलं नाही.

त्या वर्षी आमचं नाटक स्पर्धेत उतरलं नाही. काही मंडळी रुसली, ते रुसवे यथावकाश निघाले. पुढच्या वर्षी तेच नाटक आम्ही केलं, शिरूभाऊंनी उजव्या हाताने कंदील चांगला खांद्यापर्यंत उचलला, आणि काही जाणकार म्हणाले की, गेल्या वर्षी तालमीत जास्त छान होत होतं. हे ऐकून काका जितके हसले तितकं हसताना मी त्यांना कधीच पाहिलेलं नाही.

आता तो हॉल राहिला नाही. तिथे शाळेची नवी इमारत झाली. नव्या मुलांच्या नाटकात प्रॉम्प्टर नसतो, ती मुलं विसरली तर आपापलं काही बोलून वेळ मारून नेतात, आणि छान नेतात. मी त्यांना शिकवायला जाते तेव्हा तालमीआधीचा चहा मी ओतते. कप देताना बघतेसुद्धा. पण काकांना दिसायचं तेवढं मला दिसत नाही, हे कबूल. मग वाटतं, महालातल्या त्या हॉलमध्ये जाऊन एकदा तो चहा घ्यावा, आणि काकांनी आपल्याकडे न बघितल्यासारखं करून सगळं बघून घ्यावं. त्या वयात आपल्यावर कोणाचं तरी असं लक्ष होतं, या आठवणीने अजून बरं वाटतं.

काकांना यंदा पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. सत्काराचं ठरवायला आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा किटली त्यांनीच हातात घेतली. हात आता सावकाश चालतो, पण नजर कपावरच असते. मुख्य भाषण शिरूभाऊंनी करायचं हे ऐकल्यावर काकांनी किटली खाली ठेवली. शिरूभाऊंची तब्येत उत्तम आहे. मात्र हल्ली त्यांची वाक्यं खरोखरच निसटतात, मध्येच नावं आठवत नाहीत, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटतं. भर सभेत तसं होईल म्हणून त्यांनी आधी नकारच दिला होता.

काका म्हणाले, "शिरू बोलणार असंल तर मी विंगेत बसतो."

सचिवांनी कपाळाला हात लावला. सत्कारमूर्तीच विंगेत बसले तर शाल कोणाला घालायची? बरीच घासाघीस झाली. शिरूभाऊंना फोन लावला, तर ते पलीकडून म्हणाले, "मन्या असंल तर बोलतो. नाहीतर नाही." काकांनी भाषणाचा कागद मागवून घेतला आहे. त्यात स्वतःची जी स्तुती आहे ती वाचून तोंड कडू करतात, पण पाठ करताहेत, असं काकू सांगतात. अशा प्रकारे स्वतःच्याच सत्कारात स्वतःची स्तुती पुरवणारे ते नागपुरातले पहिलेच गृहस्थ ठरतील.

काकांना आणि काकूंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, त्यांच्या हातचा चहा आम्हाला पुष्कळ वर्षं मिळत राहो, आणि आम्ही कप कोणत्या हाताने घेतला हे त्यांना दिसत राहो, एवढंच मागणं आहे. आता कार्यकर्त्यांना एक विनंती. तडजोड म्हणून काकांची खुर्ची व्यासपीठावर, पण भाषणाच्या माइकच्या बाजूला जरा तिरकी ठेवली आहे. तिथून शिरूभाऊंचे पाय दिसतात. ती खुर्ची कोणी सरळ करू नये.